मैना काय म्हणाली असती?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर आम्ही या वेळेला पंचसूत्रीवर बोललो, अंतर्गत कर्जावर बोललो, शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो. आज एका गाण्यावर बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, गाण्यानं काय हप्ता फिटतो का? नाही फिटत. पण हप्ता भरणारी बाई आतून कशी आहे, हे कळायला कधी कधी एक गाणं पुरतं. हे गाणं तुम्ही जयंतीला स्पीकरवर ऐकलं असेल, शाहिरांच्या तोंडून ऐकलं असेल, आता मोबाईलवर तर कधीही ऐकता येतं. गाण्याचं नाव 'माझी मैना गावावर राहिली'. रचलं आहे अण्णा भाऊ साठे यांनी.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. शाळा नावालाच झाली. लहानपणी आईबापाबरोबर चालत मुंबई गाठली, आणि पुढं गिरणीत काम केलं, मिळेल ती मजुरी केली, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून कथा, कादंबऱ्या, लोकनाट्यं लिहिली. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ सालची. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हेच शाहीर गावोगावच्या सभा गाजवत होते. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ही मैना महाराष्ट्रभर फिरली, आणि नंतरच्या काळात विठ्ठल उमपांच्या तोंडून पुढच्या पिढीला भेटली. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. गाणं मात्र राहिलं.

या प्रकाराला छक्कड म्हणतात. लावणीच्याच घरातला, तमाशात रुळलेला, ठेक्यावर चालणारा प्रकार. चाल अशी की पाय आपोआप हलतो, आणि आत भरलेलं असतं दुःख. पहिल्यांदा ऐकताना आपण ठेक्यावर डोलतो. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द कानात जातात आणि डोलणं थांबतं.

गाण्यात काय घडतं, ते आमच्या शब्दांत सांगतो. एक गरीब माणूस आहे. त्याची बायको त्याला फार आवडते. ती कशी दिसते, कशी बोलते, कशी चालते, ते तो सांगत सुटतो आणि सांगताना थकत नाही. पण घरात खायला नाही. म्हणून मुंबईला जायचं ठरतं. पहाटेच निघायचं असतं. ती उठून वाटेसाठी भाकरी बांधून देते आणि त्याला सोडायला निघते. गावाच्या वेशीशी येईपर्यंत तिचा चेहरा पार उतरतो. तो तिला हसवायला बघतो. पत्र धाडीन म्हणतो. तोडे करीन, कोल्हापुरी साज करीन, आणखी काय काय करीन म्हणतो. ती हसत नाही. तो मन घट्ट करून वाटेला लागतो आणि ती हात वर करून तिथंच उभी राहते. पुढं मुंबईची गर्दी, बेकारी, आणि मग चळवळ. एवढीच गोष्ट. कुणी मरत नाही, कुणी कुणाला फसवत नाही, कुणाचं भांडणही होत नाही. तरी ऐकताना घशात आवंढा येतो. का येतो, तेच आज बघू.

प्रेम हरवतं ते कशानं? सिनेमात बघितलं तर श्रीमंत बाप आडवा येतो, नाहीतर दुसरी कुणी येते. या गाण्यात आडवी येते ती गरिबी. दोन माणसं एकमेकांना धरून बसलेली आहेत आणि भाकरीपायी त्यांचे हात सुटतात. आपल्या गावांत प्रेम हरवण्याची ही सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी तऱ्हा आहे, आणि तिची कुणी बातमी करत नाही. आमच्या डोंगरी भागात घराघरात एक तरी माणूस मुंबईला गेलेला. आधी गिरणीत, मग गोदीत, मग माथाडी म्हणून मार्केटात, आता रिक्षावर, टेम्पोवर, वॉचमन म्हणून. कोकणातही हेच. तिकडं मराठवाड्यात दिवाळी झाली की कोयता निघतो, तिथं बाई बरोबर जाते, पण मग लेकरं मागं राहतात. कुणी ना कुणी मागं राहतंच. त्या 'राहिली' शब्दात सगळं आलं. ती हरवली नाही, गेली नाही, मेली नाही. राहिली. आहे तिथंच आहे, तरी भेट नाही.

आम्ही हे गाणं चार-पाच गावांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मोबाईलवर लावलं. विषय पत्रिकेवरचे विषय झाले, वह्या मिटल्या, आणि मग लावलं. पहिल्यांदा हसाहशी झाली. बायको किती देखणी ते तो वर्णन करायला लागला की सगळ्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. पण वेशीवरचा प्रसंग आला आणि बैठक गप्प झाली. आम्ही विचारलं, ती हसली का नाही? एवढे दागिने कबूल केले तरी?

एक ताई म्हणाल्या, "तिला ठाऊक हाय, ह्यातलं एक बी घडणार न्हाई." खरं आहे. जो भाकरीसाठी चाललाय, तो सोनं कुठून आणणार? पण दुसऱ्या एका मावशींनी वेगळंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला दागिनं नकोच हायती. तिला म्हणायचंय, जाऊ नका. पण म्हणता येत न्हाई. जाऊ नका म्हणलं तर खायचं काय?" हे ऐकून सगळ्याच माना हलल्या. बघा, किती बारीक गाठ आहे. नवरा जे देऊ म्हणतो ते तिला नको आहे, आणि तिला जे हवं आहे ते मागायची सोय नाही. मागितलं तर ती पोराबाळांच्या पोटावर पाय देणारी ठरते. म्हणून ती गप्प उभी राहते. तिचं न हसणं हेच तिचं बोलणं आहे.

आणि त्याचं दागिने कबूल करणं? त्याला आपण खोटारडा म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. गरीब माणसाजवळ देण्यासारखं काही नसलं की तो शब्द देतो. ज्याला बोलायला जमत नाही तो साडी आणतो, ज्याला साडी जमत नाही तो पुढच्या वर्षीची साडी कबूल करतो. जिच्यासाठी सोन्याची यादी केली, तिला पाठमोरं सोडून जायचं आहे, म्हणून ती यादी लांबत जाते. यादी जितकी लांब, तितका त्याचा जीव खालीवर होतोय असं समजायचं.

आता या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पेशवाईच्या काळात होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर असे मोठे शाहीर होऊन गेले. त्यांनी विरहाच्या लावण्या रचल्या. तेव्हा दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुरुष मोहिमेवर जायचे आणि बाई घरी वाट बघायची. त्या लावण्यांत बहुतेक वेळा बाईच झुरते. रचणारा पुरुष, ऐकणारे पुरुष, आणि झुरणारी मात्र बाई. पुरुष घोड्यावर बसून गेलेला असतो, त्याच्या मनाचं काय झालं हे कुणी सांगत नाही. अण्णा भाऊंनी ही रीत उलटी केली. इथं झुरतोय तो पुरुष, आणि तोही सरदार नाही, शिपाई नाही, पोटासाठी बाहेर पडलेला मजूर. तो चारचौघांत उभा राहून सांगतो, माझी बायको गावाला राहिली आणि माझा जीव तिच्यात अडकलाय.

आपल्याकडं पुरुषानं असं बोलायची रीत नाही. बायकोची आठवण येते म्हणणाऱ्या गड्याला दोस्तच बाईलवेडा म्हणतात. त्यामुळं मुंबईला गेलेल्याचं काळीज कसं होतं, ते घरच्या बाईला कधी कळलंच नाही. पत्रात काय असायचं? सगळे खुशाल आहेत, पैसे पाठवले आहेत, म्हशीचं काय झालं, आईची तब्येत कशी आहे. तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं आणि इकडं दुसऱ्यानंच वाचून दाखवलेलं. मास्तर नाहीतर पोस्टमन वाचणार, सासू-सासरे ऐकणार, त्यात 'तुझी आठवण येते' कसं लिहायचं? बैठकीत एक सत्तरी उलटलेल्या आजी गाणं ऐकून म्हणाल्या, "आमचं मालक बी असंच म्हणत असतील का गं तिकडं?" मालक जाऊन बरीच वर्षं झालीत. त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. पण एवढ्या वर्षांनी तो प्रश्न पडला, त्यातच गाण्याचं काम झालं, असं आम्हाला वाटतं.

गाणं त्याची बाजू सांगतं. मैनेची बाजू कोण सांगणार? गाण्यात ती मुकी आहे. तो निघून गेल्यावर ती वेशीवरून परत फिरली असेल. घरी जाऊन पहिल्यांदा काय केलं असेल? शेण काढलं असेल, पाणी आणलं असेल, जात्यावर बसली असेल. वाट बघायला वेळ कुठं होता तिला? त्याच्या वाटणीचं रान तिच्या अंगावर आलं, त्याच्या आईबापाचं दुखणंखुपणं तिच्या अंगावर आलं. मनीऑर्डर आली तर आली, नाही आली तर उधारी तिच्या नावावर. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या गावाकडच्या बायकांच्या जिवावर, असं म्हटलं तर चूक होणार नाही. कामगाराला मिळायचा तो पगार एकट्याच्या पोटाला आणि वर थोडं धाडायला. घर चालायचं ते मागं राहिलेल्या मैनेच्या कष्टावर.

आणि तिकडं मुंबईत त्याला जेवू कोण घालायचं? तिथंही बाईच. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, वीस-वीस गड्यांना जेवू घालायच्या, आणि बरेचदा पैसे महिन्यानं मिळायचे. मग किराण्यासाठी सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गट-गट म्हणतो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे बघा, एक मैना गावाला राहिली आणि दुसऱ्या मैनेनं तिच्या माणसाला भाकरी वाढली. गाण्यात यांचं नाव नाही, म्हणून आपण इथं घेतलं.

मग मैनेचं बोलणं कुठं सापडेल? आम्हाला वाटतं, जात्याजवळ. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून दळायच्या आणि दळताना ओव्या म्हणायच्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गावोगाव कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन अशा ओव्या गोळा केल्या. आकडा एक लाखाच्या वर गेला. एक लाख! आणि एकीनं सुद्धा शाळेत बसून कविता लिहायला शिकलेलं नव्हतं.

या ओव्या ऐकल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. भावावर भरभरून ओव्या आहेत. आईवर, माहेरावर, लेकावर, विठ्ठलावर आहेत. सीतेच्या वनवासावर तर कितीतरी. नवऱ्यावर आहेत, पण हात आखडता. त्याचं कौतुक केलं तरी ते कुंकवाच्या आडून, शेताच्या आडून, बैलजोडीच्या आडून. कारण पलीकडच्या खोलीत सासू झोपलेली. नवऱ्यावर जीव आहे असं मोठ्यानं म्हणणं म्हणजे निर्लज्जपणा. आपण अजून नवऱ्याचं नाव घेतो ते उखाण्यात, दुसऱ्या कशाला तरी यमक जुळवून. म्हणून बाईनं आपलं दुःख सीतेच्या नावावर सांगितलं. गाण्यातला नवरा आपल्या बायकोला कौतुकानं सीता म्हणतो. जात्यावरची बाई मात्र सीता म्हणते ते वनवासाच्या अर्थानं. एकच नाव, पण म्हणणारा बदलला की अर्थ बदलतो. दोघं एका घरातली, पण एकानं वेगळं गाणं म्हटलं आणि दुसरीनं वेगळं, आणि दोघांची गाणी एकमेकांच्या कानावर कधी गेलीच नाहीत. आमच्या मते खरी ताटातूट ही आहे.

पुढं काय झालं, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. गावात पिठाची गिरणी आली. बाईचे हात सुटले, फार चांगलं झालं, कुणालाही परत जात्यावर बसवायचं नाही आम्हाला. पण ओवीही गेली. कापडाच्या गिरणीनं माणूस नेला आणि पिठाच्या गिरणीनं त्याच्यासाठीचं गाणं नेलं, असं एका बैठकीत कुणीतरी बोलून गेलं. ते आम्ही विसरलो नाही.

आता गाण्याच्या दुसऱ्या भागाकडं येऊ. बऱ्याच जणी म्हणतात, पहिला भाग कळतो, पुढं ते बेळगाव-कारवार कुठून आलं? सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली. मुंबई राज्य गुजराती-मराठी मिळून एकच ठेवलं, आणि बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी माणसाचं एक राज्य व्हावं म्हणून मोठा लढा झाला. शंभराहून जास्त माणसं हुतात्मा झाली. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ त्यांचं स्मारक आहे. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेरच राहिले. अण्णा भाऊ गाण्यात म्हणतात ते असं, की माझी आणि मैनेची जशी ताटातूट, तशीच या तुकडे पडलेल्या महाराष्ट्राची.

हे ऐकून एका कॉलेजातल्या पोरीनं हात वर केला. ती म्हणाली, "ताई, म्हणजे बाई काय जमीन आहे का? आपल्या ताब्यात नाही म्हणून रडायला?" प्रश्न बिनतोड होता. बायकोला आणि जमिनीला एका मापानं मोजायची आपल्याकडं खोड आहेच, आणि ती बोचलीच पाहिजे. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. मग दुसरी एक सीआरपी ताई म्हणाली, तिला ते उलटं वाटतं. तिच्या मते शाहिरानं बाईला जमीन केलं नाही, तर लाखो माणसांच्या सभेला सांगितलं की राज्याचं दुःख कळत नसेल तर बायकोला वेशीवर सोडून आलास तो दिवस आठव, मग कळेल. म्हणजे मोठं दुःख समजावायला त्यानं घरातलं दुःख माप म्हणून वापरलं. घरातलं दुःख लहान असतं तर माप म्हणून चाललंच नसतं.

दोघींचंही म्हणणं आम्ही तुमच्यापुढं ठेवतो. तुम्ही आपापल्या गटात बोला. आम्हाला मात्र त्यातून एक वाट दिसली. सभेत बसलेल्या प्रत्येक मजुराला वाटत असणार, बायकोची आठवण ही माझी एकट्याची कमजोरी आहे. गाणं सुरू झालं आणि त्यानं आजूबाजूला बघितलं, तर शेजारच्याचेही डोळे भरलेले. तेव्हा त्याला कळलं असेल, ही माझी एकट्याची गोष्ट नाही, याला कारण आहे, आणि कारणाविरुद्ध मिळून काही करता येतं. आपल्या गटात दुसरं काय होतं? पहिल्या बैठकीला प्रत्येकीला वाटतं, कर्जबाजारी मी एकटीच, नवरा बाहेर गेलेली मी एकटीच. पाचव्या-सहाव्या बैठकीला कळतं, दहातल्या सात जणी तशाच. दुःख कमी होत नाही, पण त्याची लाज जाते. लाज गेली की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की मार्ग निघतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. गाणं वेशीवर थांबतं. परत येण्याचं त्यात नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मिटला असा नाहीच, आणि कितीतरी जणांना गावाकडं यावं लागलं. मैनेचा माणूस घरी आला! पण घरोघरच्या आज्या-काक्या सांगतात, ते दिवस सोपे नव्हते. वीस वर्षं वर्षातनं महिनाभर भेटलेला माणूस आता रोज समोर. त्याला शेतातलं कळेना, तिला त्याच्या सवयी कळेनात. हातातला पगार गेलेला, मान खाली गेलेली. वाट बघताना मनात जो माणूस होता तो तरणा होता, आणि दारात आला तो खोकणारा, चिडणारा. प्रेम हरवतं ते जाण्यानंच असं नाही, मधल्या न बोललेल्या वर्षांनीही हरवतं. काहींनी ते पुन्हा जोडलं, चहाच्या कपाकपानं जोडलं. काहींना नाही जमलं. दोष कुणाला द्यायचा?

काहीजणींचा माणूस परत आलाच नाही. फोन लागत नाही, पैसा नाही, निरोप नाही. अशा बहिणींना आमचं एवढंच सांगणं, की गाण्यातली मैना हात वर करून उभी आहे म्हणून तुम्ही जन्मभर तसं उभं राहायला पाहिजे असं नाही. ज्याच्या मनात तुमच्यासाठी कालवाकालव आहे त्याची वाट बघणं वेगळं, आणि ज्यानं टाकून दिलं त्याच्या नावानं झिजणं वेगळं. पोटगी मागणं हा हक्क आहे, भीक नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर वहीत लिहून ठेवा, आणि एकटीनं जायला भीती वाटली तर गटातल्या दोघींना बरोबर न्या.

आणि ज्यांचा माणूस कामासाठी बाहेर आहे आणि रोज फोन येतो, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. आता पत्र वाचायला मास्तर लागत नाही. फोन कानाला आहे, मध्ये कुणी नाही. तरी आपण काय बोलतो? जेवलात का, हप्ता भरायचाय, पोराची फी राहिली, मोटार जळली. हे बोलावंच लागतं. पण त्यानंतर एक वाक्य जास्तीचं बोलून बघा. आज तुमची आठवण आली, एवढंच. पलीकडून हसतील, म्हणतील काय झालं गं तुला? हसू देत. मैनेला जे वेशीवर बोलता आलं नाही, ते तुम्हाला बोलता येतं आहे. त्याला एक पैसा लागत नाही.

शेवटी गटांसाठी एक काम. पुढच्या महिन्यात तुमच्या बैठकीत, हिशेब झाल्यावर, हे गाणं एकदा लावा. मग गटातल्या, नाहीतर शेजारच्या, सगळ्यात म्हाताऱ्या आजींना बोलवा आणि विचारा, तुमचे मालक बाहेर होते तेव्हा जात्यावर तुम्ही काय म्हणायचा? त्या म्हणतील, आता काय आठवतंय. थोडं थांबा. एक ओळ आठवली की मागनं दुसरी येते. आपली पुस्तक लेखापाल आहेच, तिला वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घ्यायला सांगा, खाली आजींचं नाव घाला, त्यांना चालणार असेल तर. मोबाईलवर आवाजही धरून ठेवा. कारण अण्णा भाऊंनी त्याची बाजू गाऊन ठेवली. तिची बाजू या आज्यांच्या पोटात आहे, आणि आज्या आपल्याला फार दिवस पुरायच्या नाहीत.

लिहून झालेल्या ओव्या रेडिओकडं पाठवा. आम्ही त्या इथं वाचून दाखवू, आणि ज्या आजींना म्हणता येतील त्यांना इथंच बोलावू.

आज एवढंच. बोलण्यात कुणाच्या दुखऱ्या जागेला हात लागला असेल तर तो मायेचा समजा. पुढच्या वेळी ठरल्याप्रमाणं खरीपाच्या बियाण्यांवर आणि पीक कर्जावर बोलू. नमस्कार.